जीपसाठी इंजिन : डिझेलचे की पेट्रोलचे?

डोंगराळ व अतिवृष्टीच्या तालुक्यांत, तसेच जेथे पाणंद रस्ते पावसाळाभर चिखलाखाली जातात अशा काळ्या जमिनीच्या भागांत, चारही चाकांना शक्ती पोचविणारे वाहन आता केवळ सरकारी कचेऱ्यांपुरते राहिलेले नाही. बागायतदार, दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी व शेतकरी उत्पादक कंपन्याही अशी वाहने विकत घेऊ लागल्या आहेत. बोलताना लोक त्यांना सरसकट ‘जीप’ किंवा ‘फोर बाय फोर’ म्हणतात. अशा नव्या वाहनाची किंमत बहुधा दहा लाख रुपयांच्या वर जाते आणि ती पुष्कळदा कर्ज काढून भरली जाते. तेव्हा त्यातील इंजिन डिझेलचे असावे की पेट्रोलचे, हा प्रश्न विक्रेत्याच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर सोपविण्यासारखा नाही. निवड चुकल्यास कर्जाचे हप्ते चालू असतानाच गाडी गॅरेजमध्ये उभी राहण्याचा प्रसंग येतो.

खेड्यात या प्रश्नाचे उत्तर ठरून गेलेले असते. ओढीचे काम असेल तर डिझेल आणि हौसेची गाडी असेल तर पेट्रोल, असे बहुतेक जण सांगतात. हा समज निराधार नव्हता. तथापि तो ज्या यंत्रांवरून व ज्या दरांवरून रूढ झाला, ती यंत्रे आणि ते दर आता राहिलेले नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

जुना समज कोठून आला

स्वातंत्र्यानंतरच्या काळात विकास गटांच्या कचेऱ्यांपुढे उभी असणारी विलीज बनावटीची जीप पेट्रोलवर चालत असे. महिंद्र कंपनीने भारतात तयार केलेल्या त्या जीपचे इंजिन सुमारे २.२ लिटरचे व चार सिलिंडरांचे होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले आणि पुढील काळात जीपमध्ये डिझेल इंजिने बसू लागली. त्यांपैकी काही थेट ट्रॅक्टरच्या इंजिनांच्या घराण्यातील होती. १९८० च्या दशकात प्युजो बनावटीचे डिझेल इंजिन आले. ही इंजिने आवाज फार करीत, काळा धूर सोडीत आणि चढावर धापा टाकीत. परंतु त्यांत विजेची गुंतागुंत जवळजवळ नव्हती. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री त्यांचे नोझल उतरवून तपासू शके आणि बॅटरी उतरली तर गाडी उतारावर ढकलून चालू करता येई.

दरांचीही अशीच स्थिती होती. डिझेलचा दर सरकार अनेक वर्षे खाली राखत असे. २०१२ साली पेट्रोल व डिझेल यांच्या दरांत एका लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास अंतर पडले होते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. त्यानंतर हे अंतर कमी होत गेले असून महाराष्ट्रात ते अलीकडील वर्षांत सामान्यतः दहा ते पंधरा रुपयांच्या दरम्यान राहिले आहे. म्हणजे डिझेलचा निम्मा फायदा दरातून मिळत होता, तो बराचसा नाहीसा झाला. उरला तो इंजिनाच्या अंगचा फायदा. तो मात्र खरा आहे.

डिझेल इंजिन कमी का पिते

पेट्रोल इंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये प्रथम केवळ हवा घेतली जाते व ती इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले डिझेल पेट घेते. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारणपणे ९ ते १२ पट दाबले जाते, तर डिझेल इंजिनात हवा सुमारे १५ ते २० पट दाबली जाते. दाब जितका अधिक तितका इंधनातील उष्णतेचा अधिक भाग कामी लागतो. शिवाय थोड्या भारावर चालताना पेट्रोल इंजिनाची हवेची वाट झडपेने आवळलेली असते. त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यात त्याची काही शक्ती वाया जाते. डिझेल इंजिनात ही नासाडी फारशी होत नाही. त्यातच एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक उष्णता असते. या कारणांमुळे त्याच आकाराची डिझेल गाडी एका लिटरमध्ये लांब जाते.

एवढा दाब सोसण्यासाठी इंजिनाचे भाग जाड व भक्कम करावे लागतात. म्हणून डिझेल इंजिन वजनाने जड आणि किमतीने महाग असते. हे वजन गाडीच्या पुढच्या भागावर पडते. मुरमाड किंवा खडकाळ वाटेवर त्याने काही बिघडत नाही, परंतु ओल्या काळ्या जमिनीत पुढची चाके अधिक रुततात. अशा जमिनीत गाडी बाहेर निघते ती चांगल्या खाचांच्या टायरमुळे व कमी वजनामुळे. टायर गुळगुळीत झाले असतील तर कोणतेही इंजिन चाके जागच्या जागी फिरवीत राहते.

ओढीचा प्रश्न

चाक फिरविण्याची जी ओढ असते तिला यंत्रशास्त्रात टॉर्क म्हणतात व ती न्यूटन-मीटर या मापाने सांगतात. जुन्या पेट्रोल इंजिनांना ही ओढ मंद गतीवर कमी पडे, हे खरे आहे. पण हवा दाबून आत भरणारा टर्बो पेट्रोल इंजिनालाही बसू लागल्यापासून चित्र बदलले आहे. २०२० साली नव्या रूपात आलेल्या महिंद्र थार या गाडीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तिच्या २.२ लिटर डिझेल इंजिनाची कमाल ओढ ३०० न्यूटन-मीटर सांगण्यात आली, आणि हाताच्या गिअरसह येणाऱ्या २ लिटर पेट्रोल इंजिनाचीही तेवढीच. इतकेच नव्हे तर पेट्रोल इंजिन ही ओढ मिनिटाला १,२५० फेऱ्यांपासून देते, तर डिझेल इंजिन १,६०० पासून. तेव्हा पेट्रोल गाडी ओढत नाही हे विधान अशा इंजिनाला लागू पडत नाही.

ते लागू पडते टर्बो नसलेल्या लहान पेट्रोल इंजिनाला. २०२३ साली बाजारात आलेल्या मारुती जिम्नीचे दीड लिटरचे इंजिन १३४ न्यूटन-मीटर ओढ देते व तीही मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर. परंतु या गाडीचे वजन सुमारे १,२०० किलो एवढेच आहे आणि तिला लो गिअरची सोय आहे. लो गिअर घातला म्हणजे चाकांवरील ओढ दोन ते अडीच पट होते व गाडीची गती त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे दोन-तीन माणसे व थोडे सामान घेऊन पाणंदीतून जाण्यास ही ओढ पुरते. मात्र आंब्याच्या पेट्यांनी भरलेली ट्रॉली जोडून घाट चढावयाचा असेल तर ती पुरत नाही.

येथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. टर्बो पेट्रोल इंजिन ओढते खरे, पण जड भाराखाली ते पेट्रोलही तसेच पिते. माहितीपत्रकात छापलेली लिटरमागची धाव हलक्या भारावरची असते. भरलेली ट्रॉली, चढ व चिखल यांत डिझेल आणि पेट्रोल यांच्या खपातील अंतर वाढते. म्हणून ज्याचे काम रोजचे व जडच आहे, त्याने ओढीचा आकडा सारखा दिसला तरी डिझेलचाच विचार करावा.

आजच्या डिझेल इंजिनाची निगा

जुने डिझेल इंजिन सोशिक होते, पण आजचे तसे नाही. त्यात इंधन एका सामाईक नळीत १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने भरले जाते आणि केसासारख्या बारीक छिद्रांतून फवारले जाते. अशा यंत्राला पाण्याचा थेंब व धुळीचा कण हे दोन्ही घातक असतात. ट्रॅक्टरसाठी गोठ्याच्या कडेला उघड्या तोंडाच्या पिंपात ठेवलेले डिझेल या गाडीत भरू नये. रॉकेल तर मुळीच मिसळू नये, कारण या पंपाला वंगण मिळते ते डिझेलमधूनच. डिझेलच्या गाळणीच्या तळाशी पाणी साठते. ते काढून टाकण्याची तोटी असल्यास पावसाळ्यात ती वरचेवर उघडून पाहावी. नोझल किंवा पंप एकदा बिघडला की त्याचा खर्च हजारांत मोजून भागत नाही, आणि ते काम बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच होते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे मान लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी एक गाळणी असते. ही काजळी साचत जाते आणि इंजिन अधूनमधून जादा इंधन वापरून ती जाळून टाकते. त्यासाठी गाळणीतील उष्णता ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढावी लागते. गाडी सडकेवरून एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटे चालली तरच हे काम पुरे होते. ज्याची गाडी वस्तीवरून मळ्यात, मळ्यातून डेअरीवर व डेअरीवरून घरी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्याच करते, त्याच्या गाडीत काजळी साचतच राहते. प्रथम दिवा लागतो. तो दुर्लक्षिल्यास इंजिन आपली शक्ती आपणहून कमी करते, आणि अखेरीस गाडी कार्यशाळेत न्यावी लागते. अपुऱ्या राहिलेल्या जाळणीतील डिझेल खाली उतरून इंजिनच्या तेलातही मिसळते. तेलाची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये, तेल बदलावे. लहान फेऱ्या करणाऱ्याने आठवड्यातून एकदा तालुक्याच्या गावापर्यंत न थांबता जाऊन यावे. तेवढेही जमणार नसेल तर आजचे डिझेल इंजिन त्याच्या कामाचे नव्हे.

बऱ्याच डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रवाची वेगळी टाकी असते. या द्रवात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया व उरलेले खनिजरहित पाणी असते. धुरातील विषारी नायट्रोजन वायू नाहीसे करणे हे त्याचे काम आहे. टाकी रिकामी झाल्यास बंद केलेले इंजिन पुन्हा चालू होत नाही. अशा वेळी घरातील खताच्या गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून टाकण्याचा मोह शेतकऱ्यास होणे स्वाभाविक आहे. तो कटाक्षाने टाळावा. शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचा थर देऊनच तयार होतो. ते तेल व खतातील बाय्युरेट यांमुळे फवारणी आणि पुढील सर्व यंत्रणा निकामी होते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीखेरीज अन्य कामी वापरणे हा गुन्हा आहे.

पेट्रोलमधील इथेनॉल

पेट्रोलच्या बाजूनेही एक बदल झाला आहे. पंपावरील पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. त्याचा मोठा वाटा महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांकडून येत असल्याने ऊस पिकविणाऱ्यास त्याबद्दल आपलेपणा वाटणे साहजिकच आहे. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच उष्णता असते, म्हणून गाडीची धाव काही टक्क्यांनी घटते. २०२३ पूर्वीच्या गाड्यांतील रबराचे भाग या मिश्रणासाठी तयार केलेले असतीलच असे नाही. ते फुगतात किंवा त्यांना चिरा पडतात, तेव्हा नळ्या तपासून घ्याव्यात. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. कोकणात गाडी पावसाळाभर उभी ठेवावयाची असेल तर अर्धवट टाकीने ठेवू नये.

याखेरीज पेट्रोल इंजिनाची निगा सोपी असते. ठिणगीचे प्लग, हवेची गाळणी व तेल वेळेवर बदलले की पुष्कळसे काम होते. त्यातही विजेची यंत्रणा आली आहेच, परंतु दुरुस्ती सामान्यतः कमी खर्चाची असते. लहान फेऱ्यांनी त्याचे डिझेलइतके नुकसान होत नाही.

हिशोब मांडून पाहावा

पुढील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने स्वतःच्या गावचे दर व निवडलेल्या गाडीची किंमत घालून हा हिशोब करावा.

पेट्रोल १०० रुपये व डिझेल ९० रुपये लिटर धरू. पेट्रोल गाडी लिटरमध्ये १० किलोमीटर जाते व डिझेल गाडी १३. तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला १० रुपये व डिझेलचा सुमारे ६ रुपये ९२ पैसे येतो. म्हणजे डिझेलने किलोमीटरमागे ३ रुपये ८ पैसे वाचतात. आता डिझेल गाडीची किंमत अधिक असते. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या डिझेल मोटारीवर मोटार वाहन करही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त बसतो. दोन्ही मिळून दीड लाख रुपये अधिक लागले असे समजू. या रकमेवर ९ टक्क्यांनी वर्षाचे व्याज १३,५०० रुपये होते. देखभालीचा जादा खर्च वर्षाला ५,००० रुपये धरला तर डिझेल गाडीवर दरसाल १८,५०० रुपयांचा अधिक बोजा पडतो.

वर्षाला ६,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीची इंधनातील बचत १८,४८० रुपये होते. ती या बोज्यात पुरती जिरून जाते आणि मूळचे दीड लाख कधीच परत येत नाहीत. शेतकऱ्याच्या घरच्या गाडीची धाव पुष्कळदा याच्या आसपास असते. याउलट वर्षाला २०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीची बचत ६१,६०० रुपये होते. देखभालीचा जादा खर्च १०,००० व व्याज १३,५०० वजा जाता ३८,१०० रुपये उरतात आणि चार वर्षांत दीड लाख वसूल होतात. गोळा केलेला भाजीपाला रोज बाजारपेठेला पोचविणारी उत्पादक कंपनी किंवा डोंगरातील वाड्यांवर दररोज फिरणारी गाडी या दुसऱ्या प्रकारात मोडते. गाडी घेण्यापूर्वी सध्याच्या वाहनाच्या मीटरची एका वर्षाची नोंद पाहावी. अंदाजाने सांगितलेले किलोमीटर नेहमी अधिक असतात.

पाण्यातून जाताना

भामरागडला पर्लकोटेला पूर आला की वाट बंद होते हे सर्वांना माहीत आहे. अशा नदीत कोणतीही गाडी घालू नये. प्रश्न असतो तो लहान ओढ्यांचा. जुन्या पेट्रोल जीपच्या विजेच्या तारा भिजल्या की ती ओढ्यात बंद पडे. डिझेल इंजिनात ठिणगीच नसल्याने ते चालत राही. आजच्या पेट्रोल इंजिनांत ठिणगीची यंत्रणा चांगली बंदिस्त असते, त्यामुळे हे अंतर फारसे उरलेले नाही.

खरा धोका हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी जाण्याचा असतो. पाणी दबत नाही, तेव्हा पिस्टनचा दांडा वाकतो. पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा डिझेल इंजिनात फार थोडी असते. अर्ध्या लिटरच्या सिलिंडरमध्ये १६ पट दाबाच्या डिझेल इंजिनात ती सुमारे ३३ घन सेंटिमीटर भरते, तर १० पट दाबाच्या पेट्रोल इंजिनात सुमारे ५५. म्हणजे अर्धा कपभर पाणीही डिझेल इंजिन मोडण्यास पुरेसे होते. थारसाठी ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा सांगितलेली आहे, पण ती संथ पाण्याची समजावी. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर पुन्हा मारू नये. ती ओढून बाहेर काढावी आणि हवेची गाळणी उघडून पाहावी. ती ओली असल्यास मिस्त्री येईपर्यंत इंजिनाला हात लावू नये.

इंधन जवळ ठेवणे

ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याला एकच इंधन आणण्याची सोय डिझेल गाडीत मिळते. आडगावी हा फायदा लहान नाही. पेट्रोलची वाफ साध्या हवामानातही पेट घेते, डिझेलची घेत नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानेही हा भेद मानला आहे. स्वतःच्या वापरासाठी परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येते, तर डिझेलसाठी ही मर्यादा २,५०० लिटर आहे. मात्र दोन्ही इंधने एकाच घरात असल्यास डबे निरनिराळ्या रंगांचे ठेवावेत. डिझेल गाडीत पेट्रोल पडले तर इंजिन चालू न करता टाकी रिकामी करावी. चालू केल्यास पंप जातो.

निवड करताना व जुनी गाडी घेताना

काही गाड्यांत निवडीला वावच नसतो. जिम्नी पेट्रोलचीच आहे, तर फोर्स गुरखा व चारही चाकांवर चालणारी बोलेरो कॅम्पर डिझेलच्याच मिळत आल्या आहेत. थारमध्ये दोन्ही इंजिने मिळाली आहेत, परंतु २०२३ पासून त्याच नावाची केवळ मागच्या चाकांवर चालणारी, कमी किमतीची गाडीही विक्रीस आली. स्वस्त म्हणून नोंदणी करण्यापूर्वी लो गिअरचा दांडा आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे.

जुनी डिझेल गाडी पाहावयास सकाळी लवकर व न कळविता जावे, म्हणजे इंजिन थंड सापडते. ते पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात चालू व्हावे. पांढरा धूर बराच वेळ राहिला तर दाब कमी झालेला असण्याचा किंवा नोझल बिघडल्याचा संभव असतो. निळा धूर तेल जळत असल्याचे दाखवितो. इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून जोराने वाफारे येत असतील तर रिंगा झिजलेल्या आहेत. काजळीची गाळणी कोणी कापून काढून टाकली आहे काय, हेही खालून पाहून घ्यावे, कारण तशी गाडी नियमबाह्य ठरते. पेट्रोल गाडीत टाकी व नळ्यांच्या सांध्यांशी वास घ्यावा. दोन्ही प्रकारांत लो गिअर घालून गाडी डांबरी सडकेवर नव्हे तर नांगरट केलेल्या रानात चालवून पाहावी, आणि शक्य तर आपल्या नेहमीच्या ओझ्यानिशी.